दुसऱ्या पेरापर्यंत

तेहेतीस वर्षं मी कंटेनर उचलले.
पिरेअसच्या धक्क्यावर, क्रेनच्या काचेच्या खोलीत बसून
तीस-तीस टनांच्या पेट्या
अंडी ठेवावीत तशा ठेवल्या जहाजांवर.
आत काय आहे, कधी विचारलं नाही.
तो माझा प्रश्न नव्हता.

आता कंटेनर म्हणजे फेटा चीजचा रिकामा डबा,
खिळ्याने बुडाला सात भोकं पाडलेला.
असे पाच. शिवाय ऑलिव्ह तेलाचा एक चौकोनी पिंप,
आणि बाल्कनी अशी
की दार पूर्ण उघडलं तर माणूस मावत नाही,
माणूस उभा राहिला तर दार उघडत नाही.

पहिलं बेसिल मी मारलं.
दुसरंही.
सकाळी पाणी, दुपारी पाणी,
रात्री झोप येईना म्हणून पाणी.
रोपाने मान टाकली की वाटायचं, तहान लागली असेल.
उपटून पाहिलं तर मुळं काळी, उकडलेल्या शेवयांसारखी.
माझी मायाच त्याच्या मुळावर आली होती.

समोरच्या खिडकीतून फोतिनी बघत होती,
तोंडात कपड्यांचे दोन चिमटे.
ते काढून म्हणाली,
"अर्गिरिस, रोप आहे ते. मासा नाही.
बोट घाल मातीत, दुसऱ्या पेरापर्यंत.
कोरडं लागलं तर पाणी.
ओलं लागलं तर हात काढ आणि जाऊन कॉफी कर."

माझ्या उजव्या तर्जनीला दुसरं पेर नाही.
सत्त्याऐंशी साली एका दोरखंडाने नेलं.
म्हणून डावा हात लावला शिकायला.
साठीनंतर डावा हात म्हणजे
उशिरा शाळेत घातलेलं पोर:
सगळं सांडतं, लाजतं,
पण खोटं बोलायला अजून शिकलेलं नसतं.

ऑगस्टमध्ये उत्तरेचा वारा सुटला.
क्रेनवर वारा मोजायला यंत्र होतं,
काटा लाल झाला की आम्ही खाली उतरायचो.
इथे फक्त पानं.
सगळ्यात उंच टोमॅटो कंबरेत मोडला,
ज्याचं मला सगळ्यात जास्त कौतुक होतं.
बुटके उरले.

दानाई रॉटरडॅमला असते.
मी दिवसातून चार फोन करायचो.
जेवलीस का. पाऊस आहे का. दार लावलंस का.
ती 'हो' म्हणायची,
आणि तो एवढासा शब्दही
दिवसेंदिवस पिवळा पडत चालला होता.

एका संध्याकाळी डावं बोट तिच्या नंबरावर टेकवलं
आणि तसाच उभा राहिलो.
ओलं होतं अजून.
कॉफी केली.
दुसऱ्या दिवशीही. मग तिसऱ्या.
किती कॉफी प्यालो त्या आठवड्यात, विचारू नका.
छातीत धडधडायचं, ते कॉफीने की कशाने, कोण जाणे.

अकराव्या दिवशी फोन वाजला.
"बाबा, बरे आहात ना?"
मी म्हटलं, मिरचीला फुलं आलीत.
मग ती बोलत राहिली, पाऊण तास.
मार्चमध्येच नोकरी गेली होती तिची.
मार्चमध्ये!
तेव्हापासूनचे माझे शेकडो फोन
या बातमीवरून वाहून गेले होते, भोकांतून खाली.

मी काही उचललं नाही.
हलवलं नाही, कुठे नेऊन ठेवलं नाही.
रिसीव्हर कानाला लावून
आयुष्यात पहिल्यांदा एका पेटीचं दार
आतून उघडताना ऐकलं.

टोमॅटो एकूण तीन आले. एक पक्ष्याने नेला.
एक फोतिनीला दिला, तिने मीठ मागितलं सोबत.

चौथ्या डब्यात अजून काही उगवलेलं नाही.
काय पेरलं होतं, तेही आठवत नाही.
फोतिनी म्हणते, ओतून टाक ती माती.
मी रोज सकाळी डावं बोट घालतो,
काढतो,
म्हणतो, बघू.