एकास बत्तीस

पहिलं वाळवंट मी रव्याचं केलं.
रंग अचूक जमला; तिसऱ्या आठवड्यात त्यात किडे झाले.
ओदील म्हणाली, तुझ्या फौजेला रसद पोचली.
दुसरं डंकर्कच्या किनाऱ्यावरून पिशवीत भरून आणलं,
तिच्या ओव्हनमध्ये भाजलं, दोनदा चाळलं.
आठवडाभर घरात समुद्राचा वास
आणि आमचं बोलणं बंद.

भिंती बुचाच्या. वर प्लास्टर, हातानंच.
चाळीस वर्षं रूबेतल्या लोकांच्या घरी मी हेच केलं,
फरक इतकाच, तिथे भेग दिसली की पैसे कापायचे,
आणि इथे एक भेग मनासारखी पाडायला
मी दातकोरणं घेऊन रात्रीचे दोन वाजवतो.
वाळलेला कॉफीचा चोथा म्हणजे उंटांची लीद.
बुरूज चार, जंग्या अठ्ठावन्न.
शिपाई साडेपाच सेंटिमीटरचे,
पांढरी टोपी, मानेवर फडकं.
चेहरे रंगवताना मी कुणालाही आठवत नाही.
हे ठरवून करतो.

ईशान्य कोपऱ्यातली खोली भरीव आहे.
तिला दार काढलेलं नाही.
कुणी विचारलंच तर सांगतो, कोठार.
एकोणसाठ साली मी वीस वर्षांचा होतो
आणि पहाऱ्यावर माझी पाठ त्या भिंतीला असायची.
बुचातून आवाज जात नाही.
म्हणून बूच चांगलं.

शेजारची झुलिखा शिडी परत द्यायला आली,
जिन्यावरून वाकली,
मग खालीच उतरली, चष्मा पुसला,
तटाभोवती एक फेरी मारली
घर विकत घ्यायला आल्यासारखी.
“विहीर कुठाय, मस्यू गिस्लँ?”
म्हटलं, फोटोत नाही.
“फोटो तुमच्या बाजूनं काढलेला असेल.
विहीर आधी होती. तट नंतर आला, तिच्याभोवती.
माझी आई पखाल घेऊन दाराशी रांगेत उभी राहायची,
आमच्याच पाण्यासाठी.
चाळीस मीटर खोल. दोर ओढायला गाढव लागायचं.”
शिडी भिंतीला टेकवून गेली.
कॉफी नको म्हणाली.

चाळीस भागिले बत्तीस.
सव्वा मीटर.
टेबल पाऊण मीटर उंच.
हा हिशेब मी पेन्सिलीनं तटाच्या मागच्या अंगाला लिहिला,
खोडला, परत लिहिला.
रविवारी चौकाच्या मधोमध भोक पाडलं,
खालून बेसिनचा जुना पाइप जोडला.
तो फरशीला टेकला
आणि अर्धा मीटर विहीर अजून उरलीच.

रांगेसाठी बायका हव्या होत्या.
दुकानात उंटस्वार नऊ तऱ्हांचे मिळतात,
गोळी लागून हात वर फेकलेले चौदा तऱ्हांचे,
घागर घेतलेली एकसुद्धा नाही.
शेवटी जुन्या बाजारात, नाताळच्या देखाव्यातल्या सापडल्या,
प्रोव्हान्सच्या मातीच्या, सात जणी,
बाळ येशूच्या गोठ्याकडे निघालेल्या.
त्यांची ओढणी मी निळी केली, तोंडं वळवली दाराकडे.
पण उंची सात सेंटिमीटर. माप चुकतं.
पहारेकरी त्यांच्या खांद्याला लागतो.
त्यांच्याकडे बघायचं तर मान वर करायला हवी,
आणि ती होत नाही,
तो एकसंध ओतलेला आहे.
ओदील म्हणाली, फार मोठ्या झाल्यात.
राहू दे, म्हटलं.

काल छिन्नी घेऊन टेबलाखाली शिरलो.
फरशी काँक्रीटची, गुडघे पंच्याऐंशी वर्षांचे.
तासाभरात बशीएवढा खळगा झाला,
दोन सेंटिमीटर, फार तर.
पलीकडे झुलिखाकडे कुणीतरी नळ सोडला,
सामाईक भिंतीतून पाणी खाली गेलं.
संपेपर्यंत थांबलो.
मग परत हातोडी.
अजून अठ्ठेचाळीस.