एकसष्ट पौंड

जानेवारीत हलमध्ये सकाळ होत नाही,
नुसता खिडकीचा रंग विटतो.
रक्तपेढीतली रात्रपाळी संपवून आले
आणि मोजेही न काढता फोन लावला.

तिकीट मी साइटवरून काढलं होतं.
विमान कंपनीकडे तेच विमान, तीच खुर्ची,
चांदीच्या कागदाखाली घाम फुटलेला तोच भात,
फक्त एकसष्ट पौंड जास्त.
वाचलेल्या पैशांत कुकरची रिंग घेतली,
वहिनीसाठी एक स्कार्फ,
आणि उरलेल्यांत स्वतःला शहाणी म्हणवून घेतलं.

मग मेल आली: वेळेत किरकोळ बदल.
मँचेस्टरहून विमान सहा तास उशिरा सुटेल,
दोहाहून मुंबईचं मात्र आपल्या वेळेवर.
म्हणजे मी दोहाला पोचायच्या साडेचार तास आधी
मी दोहाहून निघालेली असेन.
ती जी पुढे गेली, ती बाई
निदान खिडकीशी बसली असेल का?

कंपनी म्हणाली, विमान आमचं, पण बुकिंग त्यांचं.
आम्ही हात लावू शकत नाही.
साइट म्हणाली, बुकिंग आमचं, पण बदल त्यांचा.
आम्ही तरी काय करणार?
शेवटी शेजारच्या मॉरीनचा फोन मागून आणला,
एकावर ते, दुसऱ्यावर हे,
आणि दोन्ही फोन टेबलावर तोंडाला तोंड लावून ठेवले,
की बसा, एकदाचं ठरवा आपसात.
दोन्हीकडून संगीत वाजत राहिलं.
एकमेकांना ऐकवत राहिले बिचारे.

मॉरीन चहात बिस्किट बुडवत म्हणाली,
आमच्या वेळी ॲनलबी रोडवर दुकान होतं, त्यात पॅट.
विमान लांबलं की रात्री घरी फोन करायची,
एकदा तर पासपोर्ट विसरलो म्हणून स्वतः स्टेशनवर आली.
कमिशन घ्यायची की, म्हणाली, का नाही घेणार?
आता पॅटही नाही, दुकानही नाही.
तिथे नखं रंगवून मिळतात.

चाळीस मिनिटांनी साइटवर माणूस आला. नाव केविन.
माझं आडनाव त्याने एका दमात, बिनचूक वाचलं
तेव्हाच खरं तर कळायला हवं होतं.
मागून कोणीतरी ओरडलं,
"चाल ना बे, डब्बा गार होऊन राहिला!"
केविन गप्प झाला. मीही.
मग त्याने इंग्रजीतच विचारलं, कॅन यू होल्ड, मॅम?
मी इंग्रजीतच हो म्हटलं.
त्याला परवानगी नसावी.
मला कोणी अडवलं होतं?

म्हणजे हे मला जमतं. सवयीचं आहे.
अण्णाशी मी नऊ वर्षं वहिनीमार्फत बोलते.
"ह्यांना सांगते हं." "हे म्हणाले, बघू."
आईच्या पाटल्यांवरून एक वाक्य तो बोलला होता,
एक मी.
तेव्हापासून त्याचा मधुमेह, त्याची निवृत्ती,
माझं घर, माझं ऑपरेशन,
सगळं वहिनीच्या काउंटरवरून.
ती बिचारी कमिशनही घेत नाही.
कधीमधी एखादा स्कार्फ.

मॉरीन तिचा फोन घेऊन गेली.
माझ्यावर केविनचं संगीत चालूच होतं.
मी ते कापलं. चाळीस मिनिटांची रांग गेली.
अण्णाचा नंबर शोधावा लागला नाही,
तो पहिल्याच पानावर आहे, अ वरून.

दोनदाच वाजला.
"कोण?"
मी नाव सांगितलं, सकाळभराच्या सवयीने
एकेक अक्षर सुटं करून: या, मि, नी.
पलीकडे संगीत नव्हतं. पंखा होता,
आणि कोणीतरी हळूच खुर्ची ओढली.

"किती वाजता पोचतेस?" त्याने विचारलं.

तेवढंच मला अजून माहीत नव्हतं.