वरच्या मजल्याची माती

हायफाँगच्या माझ्या खोलीत, छताला एक डाग आहे.
आधी बशीएवढा होता, मग परातीएवढा झाला.
मी पाचव्या मजल्यावर. सहावा मजला नाही,
नुसती गच्ची, आणि गच्चीवर थोआबाई.

मासळीबाजारात टाकून दिलेले थर्माकोलचे खोके
ती सायकलला बांधून आणते.
तीन पाण्यांनी धुतले तरी बांगड्याचा वास जात नाही,
कोथिंबिरीला चालतो म्हणे.
माती मात्र नदीपलीकडची, नातवाच्या जुन्या दप्तरातून,
एका खेपेला आठ किलो.
जिन्यात भेटली की धाप लपवायला
हवेबद्दल बोलते.

"विकतच्या पाल्यावर काय फवारलंय
ते डोळ्यांना दिसतं का?
हिएउ दोनदा सलाईनवर होता.
हे मी माझ्या हातांनी वाढवलंय."

तिचा पाला मी पाहिला नव्हता.
बंदरावरची रात्रपाळी संपवून पाठ टेकावी
तोच साडेपाचला तिची झारी,
आणि उशाशी ठेवलेल्या पातेल्यात
टप्.
मग बराच वेळ काही नाही.
मग टप्.

मी तक्रार दिली.
कमिटीचा माणूस आला, स्टुलावर चढला,
कलिंगड घेताना वाजवतात तसं छत वाजवलं
आणि म्हणाला, अर्धे खोके उतरवा.

ती भांडली नाही. भांडली असती तर बरं होतं.
गोणपाट अंथरून पिशव्या भरत बसली.
दोन मीही उचलल्या.
ओली माती किती जड असते
ते चौथ्या मजल्यावर कळलं.
दुसऱ्यावर पिशवी फाटली, एक गांडूळ पायरीवर वळवळलं.
तिने ते तळहातावर घेतलं
आणि पुन्हा वर चढू लागली.
एका गांडुळासाठी चार जिने.

मेमध्ये तुळशी करपल्या. ऑगस्टच्या वादळात
उरलेल्यातले चार खोके उडाले,
एक शाळेच्या पत्र्यावर सापडला, मिरच्यांसकट.
थोआबाई हसली, म्हणाली,
"बघा, यांना माझ्याहून लांब जाता येतं."

डाग आता वाढत नाही.
कधी दाराच्या कडीला जुडी लटकलेली असते,
नाळीची भाजी, पोकळ देठांची,
चिरताना देठादेठातून थेंब निघतो.
मी ती त्याच पातेल्यात शिजवतो.
दुसरं पातेलं माझ्याकडे नाही.