जुना शब्द

दोन वाजून एक्केचाळीस मिनिटांनी
पहिल्या सर्व्हरने मान टाकली,
आणि दुसऱ्याने, शिकवल्याबरहुकूम,
चौदा सेकंदांत सगळा पसारा अंगावर घेतला:
त्याच डिस्क, तोच पत्ता,
आणि ते तिसरं नाव,
दोघांपैकी कुणाचंच नसलेलं,
ज्या नावाने अख्खं बंदर त्यांना हाक मारतं.

चार मिनिटं सुरळीत गेली.
मग दाराने तुला ओळख दाखवायचं बंद केलं.

लॉगमध्ये एकच ओळ, एकाखाली एक.
लॉगिन नाकारलं. लॉगिन नाकारलं.
पुढे तुझं नाव, पुढे वेळ,
कारण मोघम,
खिडकीतला कारकून मान वर न करता
"उद्या या" म्हणतो तसं.

तू माणूस नाहीस, सर्व्हिस अकाउंट आहेस.
तुला हात नाहीत, आडनाव नाही, आजारपणाची रजा नाही.
बारा वर्षं क्लायपेदाच्या या धक्क्यावर
गव्हाच्या प्रत्येक ट्रकचं वजन
तू आत नेऊन ठेवलंस
आणि कुणी कधी विचारलं नाही, कोण रे तू?
आज ताटकळलंस
तर फाटकाबाहेर सदतीस ट्रक,
खाडीवरचा वारा ताडपत्र्या ओरबाडतोय,
आणि वजनकाट्यावरचा झिग्मास फोनवर:
"वहीत लिहू का, झिविले?
पेन्सिल आहे माझ्याकडे."

लिही म्हटलं.

पासवर्ड तपासला, बरोबर.
घड्याळं तपासली. दोन यंत्रांत
पाच मिनिटांहून जास्त अंतर पडलं
की ती एकमेकांवरचा विश्वास काढून घेतात.
(आम्हाला याहून बराच वेळ लागतो.)
अंतर दोन सेकंदांचं निघालं.
तिसऱ्या नावाची नोंद पाहिली, तुझ्याच नावे.
म्हणजे तू तूच होतंस.
आणि तरी कुलूप.

काढलं.
काट्यावर हिरवा दिवा, झिग्मासची शिट्टी,
तीन ट्रक आत.
पाच मिनिटांनी पुन्हा कुलूप.
पुन्हा काढलं. पुन्हा पाच मिनिटं.
कॉफी तशीच गार झाली, आणि तेव्हा कुठे कळलं:
दाराबाहेर आणखी कुणीतरी आहे,
तुझंच नाव सांगणारं,
चुकीचा शब्द, एका दमात दहा वेळा,
अगदी मनापासून.
दहा चुका झाल्या की पहारा
खऱ्याखोट्याची निवड करत बसत नाही.

वायदोतासला फोन लावला.
निवृत्त होऊन अकरा दिवस झाले त्याला,
निरोपाचा केक अजून आमच्या फ्रीजमध्ये आहे.
पहिल्याच रिंगला उचलला.
"दुसऱ्या नोडवर एक छोटं काम लावलं होतं मी," म्हणाला,
"वजनांची बेरीज. दर पाच मिनिटांनी.
कारभार त्या नोडकडे असेल तेव्हाच जागं होतं.
खाडी गोठली होती ना, त्या हिवाळ्यातलं.
कागदावर कुठे नाही."

तो गेला त्या शुक्रवारी आम्ही सगळे पासवर्ड बदलले.
नियमच आहे.
सगळ्यांना कळवलं, या एका कामाला सोडून.
ते झोपलेलं होतं.

सापडलं. चार ओळींचं,
वर लिथुआनियनमध्ये एक शेरा: हात लावू नये, वा.
जुना शब्द त्याने तोंडपाठ ठेवला होता,
आणि उठल्याउठल्या तोच घोकत होतं बिचारं.

"बेरीज बरोबर येत होती ना?" वायदोतासने विचारलं.
मी फाइल पाहिली.
बारा वर्षांत ती कुणी उघडलेली नव्हती.
"येत होती," म्हणाले.
"बरं," म्हणाला, आणि ठेवायचा थांबला जरा,
मग ठेवला.

काम बंद करायला एक टिचकी पुरली असती.
मी त्याला नवा शब्द दिला.
कुलूप शेवटचं काढलं,
पाच मिनिटं घड्याळाकडे पाहत बसले,
मग सहा, मग अकरा.

ट्रक सरकतायत.
झिग्मासच्या वहीत नऊ वजनं पेन्सिलीत आहेत,
चौथ्यावर त्याचा अंगठा फिरून आकडा पुसट झालाय.
सात आहे की एक,
ते उजाडल्यावर त्याला विचारून
मीच भरेन. तू चालू दे.