बर्फ कारखान्याची मागची भिंत

आज एकविसावा दिवस.
शेवंती आता कॅलेंडरवर खूण करत नाही.
पहिल्या आठवड्यात करायची, खोबरेल लागलेल्या बोटाने.
सात आकड्यांवर सात तेलकट डाग,
पुढचे आकडे कोरडे.

खिशात आमसुलं असतात, कागदात बांधलेली.
तलफ आली की एक जिभेखाली ठेवायचं.
आधी मीठ सुटतं, मग आंबट,
मग गाल आतून आखडतो,
आणि तेवढ्यात ती निघून जाते म्हणतात.
माझी जात नाही.
खुर्ची ओढून बसते.
डॉक्टर फणसोपकर म्हणाले, चारच मिनिटं असते, घड्याळ लावून बघ.
लावलं.
चार मिनिटांत कॉम्प्रेसर किती वेळा धापतो
ते मला आता पाठ आहे.

रात्रपाळीत दीडच्या सुमारास
मी मागच्या भिंतीपाशी येतो, पायांच्या सवयीने.
आत अमोनिया, म्हणून ओढायची ती इथेच,
मालकाचा नियम, बावीस वर्षांचा.
भिंतीवर माझ्या खांद्याच्या उंचीला
विझवलेल्या थोटकांचा काळा पट्टा आहे.
पावसाळ्यानंतर चुना मारतात,
दिवाळीपर्यंत तो पुन्हा वर येतो.

आता इथे येऊन करायचं काय, तेच कळत नाही.
बिडी होती तेव्हा कुणी विचारत नसे,
धाकू, नुसता उभा का?
बिडी म्हणजे उभं राहायचा परवाना होता.
रिकाम्या हातांचा माणूस समुद्राकडे बघत राहिला
तर हर्णैत लोकांना वाटतं,
याच्या घरी काहीतरी झालंय.

काल मुकादमांचा रज्जाक आला बर्फाला.
दोनला बोट सुटणार, चाळीस लाद्या.
"आग दे रे."
माचिस अजून असते माझ्याकडे.
बिडी सोडली, माचिस नाही सोडली.
बंदरावर कुणी आग मागावी आणि आपण नाही म्हणावं
असं आमच्यात होत नाही.
काडी ओढली, दोन्ही हातांचा आडोसा केला,
वारा किल्ल्याच्या बाजूने होता.
त्याने तोंड खाली आणलं
आणि माझ्या तळहातांच्या आत
त्याची बिडी पेटली.

तो वास.
टेंभुर्णीचं पान धरतं तेव्हाचा, पहिला.
वीस दिवस एका झुरक्याएवढे झाले.

हात पुढे गेला, खोटं कशाला सांगू.
रज्जाकने बघितलं.
दिली नाही, नाहीही म्हणाला नाही.
शाळेत मास्तर दिसले की धरायचो
तशी बिडी पाठीमागे धरली
आणि म्हणाला, "लाद्या मोज."

क्रशरमध्ये लादी गेली की जो आवाज होतो
त्यात माणसाला पोटभर शिव्या देता येतात.
मी दिल्या. बिडीला, फणसोपकरांना,
शेवंतीच्या तेलकट बोटाला,
बारा, तेरा,
आणि माझ्या बापाला,
जो जाळं विणता विणता हात मोकळा नाही म्हणून
मला चुलीवर बिडी पेटवायला पाठवायचा.
"विझू देऊ नको हां."
मी नऊ वर्षांचा.
चुलीपासून ओटीपर्यंत ती जिवंत राहावी म्हणून
दोन झुरके घ्यावेच लागत.
बाबा, चाळीस वर्षं
विझू दिली नाही.

अडतीस. एकोणचाळीस. एक लादी फुटकी निघाली,
ती बदलून दिली.

बोट गेली.
मागचा दिवा किल्ल्याआड होईपर्यंत दिसत होता.
तोंडात आमसुलाचा नुसता चोथा,
बोटांना गंधकाचा वास,
तो मात्र मी हुंगला, दोनदा.
भिंतीला पाठ लावली नाही. पट्ट्यापासून हातभर अलीकडे
समुद्राकडे तोंड करून राहिलो.

वॉचमन काताळे बॅटरी मारत आला.
"काय रे धाकू, घरी ठीक ना सगळं?"
"ठीक," म्हटलं.
"उभा आहे नुसता."