उसनं

फ्रँकफर्ट, केंटकी. नदी उतरून एकवीस आठवडे झाले
आणि मी अजून तोच हुकूम टाईप करते आहे:
पूरस्थिती लक्षात घेता, आणखी तीस दिवस.
फक्त तारीख बदलायची. स्वल्पविरामसुद्धा जुनेच.

गव्हर्नर वाईट माणूस नाही, हे आधी सांगते.
पाणी चढलं त्या रात्री गमबूट घालून
आमच्याच जिन्यात बसून तो सह्या करत होता:
शाळा उघडा, डिझेल ताब्यात घ्या, पूल बंद.
विचारायला वेळ नव्हता. ज्यांना विचारायचं ते आमदार
आपापल्या गावी, छपरांवर.

पाणी ओसरलं. पूल मात्र बंदच राहिला,
लोखंडी जाळीचा, गाडी गेली की गुणगुणणारा.
पलीकडे डेल्बर्ट स्टॅम्परचं गळ नि गांडुळांचं दुकान.
सगळ्या हंगामात सात डबे खपले, त्यानं कोर्टात सांगितलं.
आठवा त्यानं स्वतःच वापरला.

त्याच्या वकिलानं राज्यघटना काढली.
मला वाटलं होतं, पानंच्या पानं असतील.
कलम दीड ओळीचं:
कायदा थांबवायचा तर विधिमंडळानं,
नाहीतर त्याला विचारून.
न्यायमूर्ती बाईंनी चष्मा काढला. "पाणी आता कुठे आहे?"
सरकारी वकील कागद चाळत राहिला.
कागदांत पाणी अजून चढतच होतं.

घरी येऊन वरच्या फळीवरचं पातेलं काढलं.
काठावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं:
सौ. इंदुमती वि. घळसासी, मिरज.
बाबा अंथरुणाला खिळले, माणसांची रीघ,
चहाला भांडं पुरेना, म्हणून आईनं शेजारून आणलेलं.
बाबा बरे झाले. पातेलं राहिलं.
माझ्या सामानातून समुद्र ओलांडून आलं.
चोरलं कुणीच नाही. त्यात रोज दूध तापत गेलं, इतकंच.

भांड्यावर नाव घालतात ते चोरासाठी नाही,
चोर वाचत बसत नाही.
ते भल्या माणसांसाठी,
ज्यांना हळूहळू वाटू लागतं
आपलंच आहे.

सोमवारी निकाल लागला. हुकूम गेला.
संध्याकाळी पुलावरून पहिली गाडी गेली,
पूल जरा बेसूरच गुणगुणला.

मी कुरिअरवाल्याला विचारलं, मिरजेला काय पडेल?
पातेल्याच्या नऊपट आकडा त्यानं सांगितला.
घळसासी काकू आहेत का, तेही मला ठाऊक नाही.
म्हटलं, कळवते.
तीस दिवस द्या.