विषय क्रमांक सात

साडेपाचची सभा गणसंख्येअभावी तहकूब.
नियमाप्रमाणे अर्ध्या तासाने त्याच जागी,
म्हणजे स्टिल्टमध्ये, घोसाळकरांची स्कूटर हलवून,
पुन्हा सुरू.
कन्नमवार नगर, इमारत एकशे बेचाळीस.
इतिवृत्त लिहायला मी.
पस्तीस वर्षं महापालिकेच्या परवाना खात्यात
दुसऱ्यांच्या शब्दांना आवक-जावक नंबर दिले,
म्हणून हे काम आपोआप माझ्याकडे आलं.

लिफ्टचा ठेका, टाकीची गळती, कबुतरांची जाळी,
सहा विषय सर्वानुमते.
मग सातवा. सूचक: तोरसकर, तीनशे चार.
'घर विकताना, भाड्याने देताना, सभासद करून घेताना
कोण कुणाबरोबर राहतो, कुणावर जीव लावतो,
यावरून संस्था भेदभाव करणार नाही.'

इतका वेळ फिरणारा पंखा तेव्हा ऐकू आला.

छेडा म्हणाले, भाव पडतील.
कुणी म्हणालं, लहान मुलं आहेत बिल्डिंगमध्ये.
(त्यातलं एक, एकोणीस वर्षांचं, खांबाआड वाकून
बुटाची लेस बांधत होतं. बराच वेळ बांधत होतं.)
घोसाळकर, निवृत्त फौजदार, म्हणाले,
गुन्हा राहिला नाही ना आता, तेवढं पुरे की,
वर ठराव कशाला?
पेडामकर वहिनी म्हणाल्या, अहो, आम्ही कधी काही बोललो का?
दिवाळीला फराळ देतो. तोरसकरांना, त्यांच्या मावसभावाला...

तिथं त्या थांबल्या.
सगळेच थांबले.

तो शब्द माझा.
अकरा वर्षांपूर्वी, रजिस्टरात नात्याचा रकाना,
दोघं माझ्या टेबलासमोर,
हेमाडी घामाघूम, बोट रकाम्या चौकोनावर.
मीच म्हटलं, मावसभाऊ लिहूया, कोण विचारतंय?
त्या दिवशी मी स्वतःलाच केवढी मोठ्या मनाची वाटले होते.
त्या एका शब्दात ते अकरा वर्षं
पोटभाडेकरूसारखे राहिले.
गेल्या महिन्यात ऑपरेशनच्या फॉर्मवर सही करायची वेळ आली
तेव्हा काउंटरवरची बाई म्हणाली,
मावसभाऊ नको, घरचं कुणीतरी आणा.

तोरसकर हे सांगत होते आवाज न चढवता,
जणू पाणीपट्टीचा हिशोब.
माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.
पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

अनुमोदक? चेअरमन गावंडांनी तीनदा विचारलं.
तळमजल्याच्या डिमेलो बाई, कानाने कमी,
म्हणाल्या, मी. काय आहे ते?
सांगितलं.
म्हणाल्या, हो, मग मीच.

हात वर. विरुद्ध चौदा. बाजूने तेरा
आणि एक माझा, पेनासकट.
गावंड म्हणाले, हा मोजायचा, का लिहिण्यासाठी आहे?
मोजा, म्हटलं.
चौदा-चौदा.
चेअरमनचं निर्णायक मत विरोधात.
ठराव नामंजूर. आभार. समोसे.

रात्री पेडामकर वहिनी डबा घेऊन तीनशे चारला गेल्या,
मऊ भात, मेतकूट, हेमाडींना पथ्य आहे म्हणून.
तो डबा इतिवृत्तात बसत नाही.
त्यांचा हात बसतो. विरुद्ध, अनुक्रमांक नऊ.
दोन्ही खरं. मला त्याची बेरीज येत नाही.

सकाळी पक्की प्रत केली,
मग कपाटातून जुनं रजिस्टर काढलं.
खात्यात पहिल्याच दिवशी शिकवलं होतं,
गिरवागिरव नाही, पांढरी शाई नाही,
एकच आडवी रेघ, खालचं वाचता यावं अशी,
आणि शेजारी आद्याक्षरं.
तशी मारली.

पुढे काय लिहायचं ते माझ्या मनाने नको,
एकदा लिहिलं तेवढं पुरे.
रजिस्टर काखेत घेऊन दोन मजले चढले, बेल दाबली.
दार हेमाडींनी उघडलं, एका हाताने भिंत धरून.
रकाना दाखवला.
म्हणाले, थांबा,
चष्मा आणतो.